सोनेरी अंगावर सापाची नक्षी

गुणवंत तांबे यांना जो मासा हवा होता, तो त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. अंग फिकट सोनेरी आणि त्यावर सापाच्या कातडीसारखी जाळीदार नक्षी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी-डबक्यांत सोडतात त्या साध्या गप्पी माशाचेच हे एक शक्य असलेले रूप. त्यासाठी नक्षीचा एक राखाडी नर आणि सोनेरी अंगाची एक मादी त्यांनी क्रॉफर्ड मार्केटमधून आणली होती. पिल्ले देऊन ती जोडी मेली. तशी मादी पुन्हा बाजारात दिसली नाही.

तांबे विमा कार्यालयात कारकून. नायगावची चाळ सोडून ते मीरा रोडला एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात राहायला आले होते. या माशाने त्यांना धड बसू दिले नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चपला न काढताच ते गॅलरीतल्या बरण्यांपुढे उकिडवे बसत. जेवताना मध्येच उठून एखादी बरणी उजेडाकडे फिरवून येत.

नक्षी बापाकडून थेट मुलग्यांना मिळते. मादीच्या अंगावर ती दिसत नाही. सोनेरी रंगाचे तसे नाही. तो आई आणि बाप या दोघांकडून आला तरच दिसतो, एकाकडूनच आला तर दडून राहतो. त्यामुळे त्या जोडीची सगळी पिल्ले राखाडी निघाली. तांबे यांना ते अपेक्षितच होते. या भावाबहिणींची जोडी लावली की पुढच्या वेतात काही पिल्ले सोनेरी निघणार होती. अट एकच, बहिणींना परका नर भेटता कामा नये. गप्पीची मादी नराचे बीज महिनोन्महिने साठवते आणि त्यावर अनेक वेते होतात. म्हणून चार बहिणी त्यांनी लहानपणीच वेगळ्या बरणीत काढल्या. त्या पुरत्या वाढल्या की मग भाऊ सोडायचा.

हे कारण मात्र घरात सांगणे त्यांना जमले नाही. मुलगी संपदा नववीत, खोली एकच. असला विषय काढायचा कधी? पत्नी शुभदाताईंनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्या अशक्त आहेत. जरा वेगळ्या राहू देत."

१९९५ च्या मे महिन्यात वसाहतीला टँकरचे पाणी होते. बोअरचे पाणी खारट, ते भांडी घासण्यापुरते. एका दुपारी टँकर आलाच नाही. शुभदाताईंनी गॅलरीत पाहिले, तर अशक्त माद्या चांगल्या टपोऱ्या झालेल्या. त्यांनी त्या साध्या गप्पींच्या मोठ्या बरणीत सोडल्या आणि रिकाम्या बरणीतले पाणी संडासाच्या बादलीत ओतले.

"तुमच्या पेशंटना आज डिस्चार्ज दिला," संध्याकाळी त्या म्हणाल्या. "खाऊन-पिऊन गरगरीत झाल्यात. बरणीभर पाणी वाचलं."

तांबे दारातच थांबले. "कधी?"

"दुपारी. एकही मेली नाही हो."

"मेल्या असत्या तर निदान वाट तरी बघावी लागली नसती."

"म्हणजे? नीट सांगा."

संपदा आत अभ्यास करते आहे याची खात्री करून त्यांनी हळू आवाजात सगळे सांगितले. शुभदाताईंनी आधी हसू आवरले, मग ते आवरेना.

"आणि मी आजारी समजून त्यांच्यासाठी उकळून गार केलेलं पाणी ठेवतेय. मला सांगायला काय झालं होतं?"

"संपदा असते ना घरात."

"संपदाला शाळेत बेडकाचं सगळं शिकवलंय. सगळ्यांत जास्त मार्क त्यातच पडले तिला."

बहिणी पुन्हा वेगळ्या झाल्या, पण आता परके बीज संपेपर्यंत थांबणे भाग होते. दर महिन्याला पिल्ले होत, राखाडीच. बहिणी म्हाताऱ्या होत होत्या. पावसाळ्यात दोघी गेल्या, दिवाळीच्या सुमारास तिसरी. तांबे कार्यालयात कागद वाचता वाचता तीच ओळ पुन्हा वाचत. घरी शेजारच्या विमलाबाई विरजण मागायला आल्या की शुभदाताई मोठ्याने बजावत, "त्या बरणीला हात नका लावू हं, आत बाईमाणूस एकटी आहे." तांबे उठून जिन्यात जात.

हिवाळ्यात उरलेल्या बहिणीची पिल्ले होणे थांबले. तांबे यांनी भाऊ सोडला. पुढच्या वेतात दोन पिल्ले फिकट, जवळजवळ पारदर्शक निघाली. त्यांचे अंग सोनेरी होत गेले, पण नक्षी उमटेना. दोन्ही माद्या होत्या. त्या ओळखून वेगळ्या केल्या त्या शुभदाताईंनीच.

"आता यांना नवरा कुठला?" त्यांनी विचारले.

नक्षी असलेला आणि सोनेरी रंग पोटात दडवलेला एकच नर उरला होता. तांबे बराच वेळ बरणीची काच पुसत राहिले. "तोच," ते शेवटी म्हणाले. "त्यांचा बाप."

शुभदाताईंनी आत जाऊन संपदाला कोथिंबीर आणायला खाली पाठवले आणि जाळी घेऊन आल्या.

"सोडा," त्या म्हणाल्या. "पण हे विमलाबाईंना कळता कामा नये."

तांबे यांनी नर सोडला. मग ते चपला घालून निघाले, जिन्यावरूनच परत आले आणि पुन्हा बरणीपुढे बसले.