कानबाईपुढची लाल तोंडं

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर सून मी, आणि कानबाई देवीच्या मिरवणुकीत रक्त प्यायल्यासारखं तोंड घेऊन चाललेली पहिली सूनही मीच. दोन्ही मान एकाच माणसाकडे जाणं बरं नव्हे, असं माझ्या चुलत सासऱ्यांचं, नानांचं मत आहे.

माझं माहेर भडगावकडचं. आमच्या आळीत कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. मी अमळनेरला राहून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, आणि ही गोष्ट मी ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगते. (इथे तर पहिल्याच ओळीत सांगितली.) आता नरडाण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते. पांढरा कोट घालते. कोट अंगावर चढला, की जगातली प्रत्येक वस्तू आपल्याकडे तपासायलाच पाठवली आहे असं वाटायला लागतं. कारखान्यात तेल तपासायचं, घरी सासरची माणसं!

त्या वर्षी मी तपासायला घेतले होते आबांचे दात.

आबा म्हणजे माझे सासरे. सगळ्या भाऊबंदांत वयानं मोठे. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, तेव्हा धुळ्या-जळगावला पांगलेले सगळे भाऊबंद शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी गोळा होतात. रविवारी देवी बसवायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन, आणि घरी आल्यावर रोट. कानबाईसाठी वेगळ्या दळलेल्या गव्हाचा जाडजूड, खरपूस रोट. तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. आणि आमच्या घरचा आणखी एक दंडक म्हणजे पहिला घास सगळ्यांत मोठ्या माणसानं दातानं तोडायचा. हातानं मोडलेला चालत नाही. का, ते कानबाईला ठाऊक.

आदल्या वर्षी आबांनी तो घास तोडायला घेतला आणि सगळं घर ताटावर थांबून राहिलं. आबा तोंड वाकडं करून इकडून धरताहेत, तिकडून धरताहेत, रोट काही सुटेना! शेवटी त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे नाना, मोठ्यानं म्हणाले, "आबा, नही जमत व्हई तं मी शे ना!" म्हणजे, जमत नसेल तर मी आहे ना.

नानांचे दात गावात प्रसिद्ध. उसाचं कांडं ते विळ्याशिवाय सोलतात. आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की नानांनी मान खाली घालून लोणच्याचा वास घ्यायला सुरुवात केली. रोट एकदाचा तुटला. पण दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेले तर आबा गाईकडे पाठ करून उभे, आणि बोटानं खालचा दात हलवून बघताहेत, खुंटा पक्का आहे का बघावं तसे. मला बघताच म्हणाले, "काही नही. दाना अटकेल व्हता."

दाणा नव्हता. पहिला मान जायची भीती होती.

"आबा, धुळ्याला दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हणाले.

"मना दात मना बापना शेतस, डाक्टरना बापना नहीत! तठे गया का उपटी टाकतस."

"उपटत नाहीत हो. साफ करतात."

"साफ कया का हालतस. त्या गल्लीमाना शंकरना बठ्ठा दात गयात." (बठ्ठा म्हणजे सगळे.)

बाजूला बसलेल्या अक्का, म्हणजे सासूबाई, बोटानं मिश्री घासत होत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. अक्कांच्या मते ते औषध. त्या बोट तोंडातच ठेवून म्हणाल्या, "मिशरी लाव म्हनस मी त्यासले. आयकतच नहीत!"

आबा मिश्री लावत नसत, कारण त्यांच्या गालात मुळातच तंबाखू असे.

पुढे कारखान्यात दंतशिबिर भरलं. धुळ्याहून एक डॉक्टरबाई आल्या. रांग लावायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मी येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर नव्यानं ऐकलं आणि दुपारपर्यंत निम्मी डॉक्टर झाले. दातांवर जो चिकट थर बसतो तो रोजच्या रोज निघाला नाही, तर त्याचा दगड होतो. दगड हिरडीखाली सरकतो, हिरडी सुजते, दात सोडते, आणि आतलं हाड झिजत जातं. दुखत मात्र काही नाही! म्हणून माणूस निवांत राहतो, आणि एक दिवस दात हलतो. साफ केल्यानं दात हलत नाहीत. आधीच हललेला दात दगडाच्या टेकूनं उभा असतो, टेकू काढला की खरं उघडं पडतं, इतकंच. हिरडीतून रक्त आलं तर ब्रश थांबवायचा नाही, मऊ ब्रशनं आणखी नीट घासायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. तंबाखूवाल्याचं रक्त मात्र बऱ्याचदा येतच नाही, कारण तंबाखू ते दाबून ठेवते. वर रक्तातली साखर वाढलेली असली, की मग हिरड्यांचं काही खरं नाही.

मी मान डोलावली. (एका बाजूचे दात घासताना माझ्या बेसिनमधून कधी कधी गुलाबी पाणी जायचं, पण ते ब्रश कडक असल्यामुळे. असं मी ठरवलं होतं. म्हणून त्या बाजूला मी ब्रश जरा लांबूनच फिरवत असे, पाहुण्याला दारातूनच नमस्कार करावा तसा.)

"तुमचं बघू?" रांग संपल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझं काय बघायचं मॅडम, मी बी.एस्सी. आहे," मी म्हणाले. खरंच म्हणाले!

जाताना मी त्यांच्याकडून रंगाच्या गोळ्या मागून घेतल्या. ही गोळी चावून तोंडात फिरवली, की दातांवर जिथे जिथे घाण राहिली आहे तिथे लाल रंग धरतो. स्वच्छ दात पांढरा, घाणेरडा दात लाल. केमिस्ट्री! माझा बेत तिथेच तयार झाला. कानबाईला सगळे भाऊबंद जमणार. सगळ्यांना गोळी द्यायची. आबांचे दात लाल दिसणार, नानांचेही थोडे दिसणार, आबांना धीर येणार, आणि मी सगळ्यांना गाडीत घालून धुळ्याला नेणार. या बेतात एक माणूस मी मोजलाच नव्हता.

सोमवारची सकाळ. अंगणात टाकीभोवती घराणं दात घासायला जमलेलं. कोणी कडुनिंबाची काडी, कोणी राखुंडी, अक्का मिश्री, जळगावची मंडळी पेस्ट. मी टाकीच्या कठड्यावर उभी राहिले आणि भाषण केलं. थर, दगड, हाड, सगळं. शेवटी म्हणाले, "आता प्रत्येकानं एक गोळी चावायची!"

"गोड शे का?" नानांनी विचारलं.

"आहे थोडी."

झालं! घराण्यानं गोळ्या चावल्या. अक्कांनीही घेतली. आबा आधी नको म्हणाले, पण नानांनी घेतलेली बघितली आणि दोन घेतल्या.

"सूनबाई, तू?" आबांनी विचारलं.

"हो तर, ही बघा!" मी सगळ्यांसमोर ऐटीत चावली. स्वच्छ दात कसा दिसतो, ते दाखवायला कोणीतरी हवंच ना!

थोड्या वेळात अंगणात एकमेकांकडे बघून किंकाळ्या सुरू झाल्या. ओठ लाल, जिभा लाल, हनुवट्यांवर ओघळ! धुळ्याच्या जाऊबाईंनी मोबाइलच्या काचेत स्वतःला बघितलं आणि मोबाइल टाकीत पडला. नाना अक्कांसमोर जबडा उघडून म्हणाले, "वहिनी, वाघ दिसस का मी?"

"वाघ नही, वांगं खायेल माकड!" अक्का म्हणाल्या, आणि हसताना त्यांचा स्वतःचा जबडा उघडला. तो बघून नानांनी हात जोडले.

मी तपासणीला लागले. नानांचे पुढचे दात पांढरे, मागचे लाल. अक्कांचे सगळे लाल. आबांचे खालचे तर असे, की जणू डाळिंब फोडलंय.

"बघा आबा!" मी विजयानं म्हणाले.

आबा माझ्याकडे बघत होते. डोळे बारीक करून. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "तोंड उघाड जरा."

मी उघडलं. सगळं अंगण पुढे सरकलं. सगळ्यांत आधी नाना ओरडले, "अरे बापरे! हाई तं बठ्ठासपेक्षा लाल!"

"कुठे? दाखवा!" मी मोबाइलकडे धावले, तो टाकीत. शेवटी स्टीलच्या तांब्यात बघितलं. ज्या बाजूला मी ब्रश लांबून फिरवत होते, तिथे दात असे दिसतच नव्हते. एक अखंड लाल भिंत होती! शिवाय हिरडीतून खरं रक्तही येत होतं, म्हणजे रंग आणि रक्त यांत फरक करायला केमिस्ट्रीही कमी पडली असती.

"आता ब्रश केला की निघतं," मी घाईनं म्हणाले, आणि नेमके तेव्हाच दारात ढोल वाजले.

वाजंत्रीवाल्यांना पुढे आणखी दोन घरांच्या कानबाया होत्या, म्हणून ते लवकर आले होते. "चला, चला! कानबाई उठाडा!" धावपळ सुरू झाली. टाकीतलं पाणी मोबाइल शोधण्यात गढूळ झालेलं. आणि त्या वर्षी कानबाईचा पाट डोक्यावर घ्यायचा मान कोणाचा? शिकलेल्या सुनेचा!

मी पदर खोचला, पाट डोक्यावर घेतला, ओठ घट्ट मिटले आणि निघाले. मागे सगळं घराणं ओठ मिटून. इतकी शांत मिरवणूक गावानं कधी बघितली नसेल. पण कोपऱ्यावर कोणीतरी ओरडलं, "कानबाई माय की..." आणि सवयीनं आम्ही सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं, "जय!"

ओट्यावरच्या बायांनी पोरं आत ओढली. एका म्हातारीनं माझ्या पाया पडून घेतलं. मला बाजूला ओढून एक काकू कुजबुजल्या, "तुमना घर काय व्हयनं व माय? बठ्ठा घरले पान खावाडं का?" मी पाट सावरत त्यांना हिरड्यांचा आजार समजावून सांगू लागले, तसा आणखी एक लाल ओघळ माझ्या हनुवटीवरून थेट साडीवर उतरला. काकू दोन पावलं मागे सरल्या. विज्ञानप्रसार तिथेच थांबला.

घरी येऊन रोटाची ताटं मांडली. सगळे आबांकडे बघत होते. आबांनी रोट उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. असे हसले, की रोट ताटात पडला. नाना हसले, अक्का पदरात तोंड घालून हसल्या, आणि मीही हसले, नाइलाजानं. डोळे पुसत आबा म्हणाले, "येसू मी डाक्टरकडे. पन एक शे. खुर्चीवर पहिलं कोन बठी?"

"कोण?"

"तू! तू बठ, मंग मी बठसू. पहिला मान बी.एस्सी.ले!"

मग त्यांनी वळून तंबाखूच्या दाढेनं रोटाचा घास तोडला. थोडा वेळ लागला, पण नाना आपल्या ताटाकडेच बघत राहिले. नानांना त्यांचे मागचे दात आठवत असावेत.

त्याच आठवड्यात आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. "बी.एस्सी. ना तुम्ही?" म्हणाल्या, आणि बारीक सळईनं हिरडीखालची खोली मोजायला लागल्या. मोजता मोजता त्यांनी तीच जागा पुन्हा मोजली, आणि डॉक्टरनं दुसऱ्यांदा मोजलं की शिकलेला माणूसही आपली पदवी विसरतो. आबा शेजारी उभे राहून वाकून बघत होते. "खोल शे का?" त्यांनी विचारलं, विहिरीचं विचारावं तसं.

"खोल आहे. पण वाचेल. बरं झालं आलात," बाई म्हणाल्या.

आबांचा एक दात काढावा लागला. बाकीचे साफ केले, सूज उतरली तसे ते बरेच आवळून बसले. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. तिची गोळी सुरू झाली. तंबाखू सोडताना त्यांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं, पण सोडली. अक्कांची मिश्रीही गेली. तिच्या डब्यात आता लवंगा असतात. दोन वेळा मऊ ब्रश, दातांच्या फटींत बारीक ब्रश, आणि ठरल्या वेळी डॉक्टरबाई, असा आता घराण्याचा दंडक आहे. नाना तर येणाऱ्या पाहुण्याला चहाआधी जबडा उघडायला लावतात.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली. विसर्जन झालं, ताटं मांडली. आबांनी रोट उचलला आणि एका झटक्यात कडकन तोडला! नानांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी घास सावकाश चावला, गिळला, मिशा पुसल्या, आणि मग स्वतः उठून माझ्यासमोर एक वाटी आणून ठेवली.

वर्षभर साफ करूनही माझ्या त्या लाल भिंतीच्या बाजूची खोली पुरती भरली नव्हती, म्हणून चारच दिवसांपूर्वी तिथली हिरडी उघडून साफ केली होती. टाके होते. कडक काही चावायचं नव्हतं. वाटीत होता दुधात भिजवून कुस्करलेला रोट, वर साजूक तूप.

"खाय माय," आबा मायेनं म्हणाले. "नही जमत व्हई तं मी शे ना!"