साडेतीन मिनिटांचं गाणं

उजव्या हाताचं बोट वर करून चाचा म्हणायचे, "थांब बेटा. अजून गाणं सुरूच कुठे झालंय?"

तोवर माझा डबा संपलेला असायचा. त्यांच्या मोबाईलवर आधी नुसता वारा वाहायचा, मग ऑर्गन, मग कुठेतरी लांब गिटार. गायकानं तोंड उघडेपर्यंत जेवणाची सुट्टी संपत यायची.

मानकोलीच्या गोदामात चाचा डिस्पॅच बघायचे आणि मी बिलिंग. चाचांचं घराणं भिवंडीतलं जुनं, वडिलांचे लूम होते. चाचा शाळेत असताना त्यांच्या मामूंनी कुवेतहून एका इंग्रज बँडच्या कॅसेट आणल्या, आणि लूमच्या खडखडाटात वाढलेल्या या मुलाला वीस-वीस मिनिटांची गाणी सापडली. एका गोष्टीवर असा जीव जडलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण चाचांचा जितका जीव, तितकाच राग. कारण तो बँड पुढे जगभर गाजला तो छोट्या, नाचऱ्या गाण्यांवर.

"पहिले सहा अल्बम म्हणजे संगीत," चाचा म्हणायचे. "उसके बाद दुकान खोल दी."

मला नेमकं त्या दुकानातलंच एक गाणं आवडायचं. साडेतीन मिनिटांचं. मी ते लावलं की चाचा कानांवर हात ठेवून ट्रकच्या मागे जायचे. "जाहिरात आहे ती! साबणाची!"

एकदा मी चलनं द्यायला गेले, तर चाचा पाठमोरे उभे राहून खोक्यांवर लेबलं चिकटवत गुणगुणत होते. तेच गाणं! शब्दांसकट!

"चाचा?"

ते दचकले. "कुणाला सांगू नकोस हां."

मग त्यांनीच सांगितलं. लग्न झाल्यावर मोठ्या हौसेनं त्यांनी चाचींना आपलं सर्वांत लाडकं, बावीस मिनिटांचं गाणं ऐकवलं. चौथ्या मिनिटाला चाची उठून बोंबील तळायला गेल्या. दोन दिवस चाचांनी टेपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन त्यांनी त्याच बँडची नवी कॅसेट आणली. चाचींनी त्यातलं ते छोटं गाणं ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "हे चांगलं हाय. परत लावा ना."

"त्या लोकांनी मला फसवलं," चाचा म्हणाले. "लेकिन मेरा घर भी उन्होंने ही बसाया. आता शिव्या तरी कशा घालू, सांग!"

चाचा रिटायर झाले त्या दिवशी गोदामात खुर्च्या मांडल्या. त्यांचा मान म्हणून मी स्पीकरवर ते बावीस मिनिटांचं गाणं लावलं. सहा मिनिटं झाली. समोसे गार झाले, मॅनेजर घड्याळ बघू लागले. पहिल्या रांगेतून चाचींनी विचारलं, "ह्ये कधी संपनार?"

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात चाचा स्वतः उठले. गाणं मध्येच बंद करून त्यांनी सगळ्यांसमोर ते साडेतीन मिनिटांचं लावलं.

"संगीत वगैरे काही नाही हे," त्यांनी जाहीर केलं. "पण हिला आवडतं." आणि चक्क लाजले.

संध्याकाळी चाची स्कूटरवर त्यांच्या मागे बसल्या, मांडीवर हार घेऊन. त्यांच्या मागोमाग मी माझ्या गाडीवर. नाक्यावर सगळं तुंबलं होतं. चाची मोठ्यानं तेच गाणं गात होत्या, शब्द सगळे चुकीचे. पुढचा ट्रक सरकला, वाट मोकळी झाली, मागून हॉर्न वाजायला लागले. चाचींचं कडवं पुरं होईपर्यंत स्कूटर जागची हलली नाही.