खेळणी मळवून परत आणा

कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मी आणि सुलभाताई लहान मुलांसाठी खेळण्यांची लायब्ररी चालवतो. एका शनिवारी खेळणं घरी न्यायचं, पुढच्या शनिवारी परत आणायचं. सहा वर्षांत खेळणी निम्मी झाली आणि किस्से कपाटात मावेनासे झाले. पझलचा हरवलेला तुकडा शोधायला बसलो की तुकडा सोडून एखादा किस्साच हाती लागतो.

सुलभाताईंची सगळी हयात बालवाडीत गेली. लायब्ररीचा एकमेव नियम त्यांनीच दारावर लावलाय: "खेळणे स्वच्छ परत आल्यास आणखी एक आठवडा न्यावे लागेल." लोकांना वाटतं, लिहिताना काहीतरी राहिलंय.

एक आई रंगीत मातीचा डबा सीलबंद परत घेऊन आली. हातसुद्धा लावू दिला नाही म्हणून अभिमानाने सांगत होती. ताईंनी डबा तिच्याच पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे न्यायचाच राहिलाय." पुढच्या शनिवारी सगळे रंग एक होऊन मातीचं शेण झालेलं. त्यात चार तांदळाचे दाणे आणि शर्टाचं एक बटण! ताईंनी रजिस्टरमध्ये शेरा मारला, "उत्तम."

* * *

दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून रिटायर झालेत. पाच आठवडे ओळीने ते नातवासाठी म्हणून चावीची आगगाडी नेत होते. सहाव्या शनिवारी त्यांची सून बाळाला दाखवायला खाली घेऊन आली. बाळ जेमतेम दोन महिन्यांचं!

मी काकांकडे नुसतं पाहिलं. काका काही गडबडले नाहीत. त्याला शिकवायचं तर आधी आपल्याला यायला नको का, असं मलाच विचारून गाडी काखेत मारून चालते झाले.

* * *

गावठाणातल्या शेवंताबाई नातवाला घेऊन पहिल्यांदा आल्या, तेव्हा आमच्या लाकडी रिंगा बराच वेळ उलट्यासुलट्या करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्यात डब्यांची झाकणं हायत. पोरगं दुपारभर त्येच मांडतंय, उठायचं नाव न्हाई."

दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. सुलभाताईंनी झाकणंच मागवली. स्टीलची, प्लास्टिकची, एक कुकरचं, अशी पिशवीभर आली. आता सगळ्यात जास्त नंबर त्या झाकणांनाच लागतात. परवा एका बाबांनी तर हा सेट कुठल्या कंपनीचा, ऑनलाइन मिळेल का, म्हणून चौकशी केली. शेवंताबाई शेजारीच बसल्या होत्या. "माज्या फडताळात," त्या म्हणाल्या.

* * *

आता निखिल. हिंजवडीत नोकरीला आहे. त्याची मुलगी ईरा साडेचार वर्षांची. तो लायब्ररीत यायचा तो लॅपटॉप घेऊनच. कुठल्या खेळण्याने कुठलं स्किल वाढतं, पझलला मागच्या वेळी सात मिनिटं लागली, या वेळी सहा, सगळा तक्ता तयार. माणूस वाईट नव्हता हो. आठवडाभर ट्रॅफिकमध्ये पिचून शनिवारची सकाळ मुलीला देणारा बाप होता.

पण ईरा एक तुकडा उचलायच्या आधीही त्याच्याकडे बघायची. "बरोबर आहे ना?" असं विचारल्याशिवाय काही ठेवायची नाही. तो फोनवर बोलायला बाहेर गेला, की हात मांडीवर घेऊन गप्प बसून राहायची. मला ते बघवायचं नाही. सुलभाताई तर एकदा घरी जाताना म्हणाल्या, या पोरीला सगळं येतं, फक्त खेळता येत नाही, आणि हे असंच राहिलं तर जन्मभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसेल.

ताईंनी निखिलला सांगितलं, महिनाभर तक्ता बंद. घरी फक्त साधे लाकडी ठोकळे न्यायचे. त्याने विचारलं की यात नेमकं अचीव्ह काय करायचं. "काही नाही," ताई म्हणाल्या. बिचाऱ्याला ते पचायला फार जड गेलं.

दोन शनिवार ठोकळे चकचकीत परत आले. नियमाप्रमाणे परत गेले. तिसऱ्या शनिवारीही तेच! तेव्हा ताईंनी ईराला बाजूला घेतलं आणि निखिललाच सतरंजीवर बसवलं. तुम्ही खेळा, ती बघेल, म्हणाल्या.

तो इस्त्रीच्या पँटमध्ये मांडी घालून बसला. आधी कसनुसं हसला, मग रंगला. इंजिनिअरच तो, पूल बांधायला घेतला. जीभ दातांत धरून एकेक ठोकळा ठेवत होता. ईरा शेजारी उकिडवी बसून बघत होती. शेवटचा ठोकळा ठेवला आणि अख्खा पूल धाडकन खाली आला.

निखिलचे कान लाल झाले. "चुकलं," तो पुटपुटला.

ईराने कोणाकडेही न बघता समोरचे दोन ठोकळे उचलले.

"चुकलं नाही बाबा," ती म्हणाली. "पडलं."