फराहबागेतली कापडी टेप

"टेपचं टोक दगडाखाली दाब आणि तीन पावलं मागं हो."

मास्तर म्हणाले आणि मी झालो. तीन सांगितली होती, चार झालो. इतका आज्ञाधारक!

जागा नगरजवळची फराहबाग. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. रस्त्यानं लष्करी गाड्या धुरळा उडवत जायच्या. आम्ही मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो, आणि इतिहासाच्या मास्तरांनी आम्हाला निजामशाहीतला हा महाल बघायला आणलं होतं. प्रत्येकानं माप घ्यायचं, नकाशा काढायचा, वहीवर त्यांची सही घ्यायची. सही नसली तर परीक्षेला बसता येत नव्हतं.

महारवाड्यातून आलेला मी एकटा. आदल्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "मापाला तू पुढं हो. तुझा हात चांगला आहे." वर्षभर त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. एवढं गोड कशाला, अशी शंका आलीच. पण तिला म्हटलं, गप बस, आज मान मिळतोय. तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री केली.

तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल. खोल कमानी, आत उंच घुमट. सुलतान कुठं बसायचा, वारा कसा खेळायचा, सगळं मास्तर सांगत होते. एवढा चुना कुणी मळला, ते सांगत नव्हते. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. सदरा इस्त्रीचा होता ना.

मग घुमटाखालची भिंत मोजायला घेतली. टेपची डबी होती संगमनेरकडच्या एका पाटलाच्या मुलाकडं, माझ्याच वर्गातला. मी टोक धरलं की तो डबी सोडायचा. म्हणून तो दगड.

"राग धरू नगंस, गड्या," तो म्हणाला. "कापडाची हाय ना टेप. कापडातनं इटाळ येतो म्हन्त्यात."

"मग लोकरीची आणायची."

मी आपला विनोद केला. तो गंभीरपणे म्हणाला, "व्हय, लोकरीची चालली असती. लोकरीला इटाळ न्हाई."

तो टेप ओढायचा, दगड सरकायचा. एकच भिंत तीनदा मोजली, तीन आकडे आले. मास्तरांनी वहीत डोकावलं.

"तुम्हा लोकांच्या हातून सरळ काम होणारच नाही."

सगळे हसले. मीही हसलो. आयुष्यात गाढवपणा पुष्कळ केला, पण हा सगळ्यात मोठा. कारण घुमटानं ते हसू परत दिलं, आणि त्यात माझा आवाज मला ओळखू आला. सगळ्यांत मोठा होता.

पुढं गेलो. दगड पायानं उडवला. टोक कोपऱ्याला दाबून बसलो.

"वढ आता."

पाटलाच्या मुलानं डबी टाकली.

"खाली ठेव ते," मास्तर.

"न्हाई ठेवत. दगडाला माप धरता येत न्हाई. मला येतं."

डबी कुणी उचलली नाही. मीही टोक सोडलं नाही. सगळे बाहेर पडले तरी बसून होतो.

नकाशा काढला. खाली तिन्ही आकडे लिहिले आणि एक ओळ: 'टेपचं दुसरं टोक माझ्याबरोबर धरायला कोणी तयार नव्हतं, म्हणून माप चुकलं.'

मास्तरांनी वही पाहिली. "नकाशा उत्तम. तेवढी शेवटची ओळ खोड, आत्ता सही करतो."

पुन्हा तोच गोड आवाज. या वेळी शंकेचं ऐकलं. ओळ खोडली नाही.

परीक्षा बुडाली. पुढल्या वर्षी पुन्हा नाव घातलं. पुन्हा महाल, पुन्हा नकाशा, खाली तीच ओळ, जरा ठळक अक्षरात. वही टेबलावर ठेवून मास्तरांना सांगितलं,

"ही ओळ मी दरसाल लिहिणार. तुम्ही पेन्शनीत जाल तोवर. मग तुमच्या जागी येईल त्याच्यापुढं."