विळ्याच्या दिवशी गोळी नाही

माझ्या आईच्या हृदयाचे ठोके आता बरोबर पडतात. आधी पडत नव्हते. कधी पळायचे, कधी अडखळायचे. त्या गोंधळातच एका दुपारी तिचं तोंड वाकडं झालं आणि शब्द जिभेवर अडकले. तासाभरात सगळं पहिल्यासारखं झालं, म्हणून शेजारणींनी दृष्ट काढली आणि मोकळ्या झाल्या. मी तिला अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, ठोके बेताल झाले की हृदयात रक्त साचतं, साचलं की गाठ होते, गाठ डोक्यात गेली की लकवा. या वेळी थोडक्यात सुटलात. मग मांडीच्या शिरेतून नळी घालून त्यांनी हृदयातली बिघडलेली जागा जाळली आणि रक्त पातळ करायची गोळी लावून दिली, सकाळ-संध्याकाळ.

इथपर्यंत दवाखान्याचं काम चोख. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. इतक्या फेऱ्या झाल्या, इतक्या तपासण्या झाल्या, पण बाई, तू दिवसभर करतेस काय, हे तिला एकाही माणसानं विचारलं नाही. घरी असेल, चहा करत असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

ती सोयाबीन सोंगते, म्हणजे विळ्यानं कापते. केनवडच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या बायकांची टोळी गुत्त्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, शेतं घेते आणि त्या टोळीत पहिली पात आईची असते. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याची ओळ. पहिली पात जिची, तिच्या चालीनं बाकीच्या चालतात. ती थांबली की टोळी थांबते. कोणी मागं पडली तर शेजारीण आपली सोडून तिची पात ओढते, म्हणजे राहिलेलं सोंगून देते, बोलत नाही. पण पहिल्या पातीवालीची पात कोणाला ओढावी लागली तर पुढच्या शेतात ती पहिली राहत नाही. हे कोणी ठरवलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

यंदा सोंगणीच्या पहिल्याच दिवशी आईच्या बोटाला विळा लागला. एरवी ती बोट तोंडात घालते आणि पुढं सरकते. या वेळी रक्त थांबेना. पदर भिजला. शेतमालक घाबरून म्हणाला, "या बाईले उद्या आणू नका, बाप्पा. माह्यावर नाव यायचं."

ती दुसऱ्या दिवशी गेलीच. आणि गंमत अशी की नंतर तिला विळा लागला तरी रक्त लवकर थांबू लागलं. मला बरं वाटलं. मी आरोग्य हक्काची पत्रकं लिहिते, वाशिमच्या बसस्टँडवर उभी राहून वाटते, लोकांना भरपूर शहाणपण शिकवते. पण हे आपोआप कसं झालं, हा प्रश्न मला पडला नव्हता.

एकदा पाण्याची कॅन घेऊन शेतात गेले. तेवढ्यात आईचं बोट कापलं. तिनं चिंधी दाबली, दोन वाक्यं बोलली, चिंधी काढली. कोरडं.

"पाह्य, कसं थांबलं," दुसऱ्या पातीवरची शेजारीण काकू कौतुकानं म्हणाली. "आज गोळीची सुट्टी हाये नं."

आईनं तिच्याकडं पाहिलं. काकूनं मान खाली घालून विळा चालवायला घेतला.

"कायची सुट्टी?" मी विचारलं.

"काई नाई. तू पाणी दे."

"आई, कायची सुट्टी?"

मग टोळीनंच सांगितलं. भांडण लागल्यासारख्या सगळ्या एकदम बोलत होत्या. ज्या दिवशी विळा, त्या दिवशी गोळी नाही. आदल्या संध्याकाळचीही नाही. बाजाराच्या दिवशी, घरी असताना गोळी. विचार करून काढलेला तोडगा होता तो. पहिल्या दिवसाचं रक्त सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मरायचंय का तुला?" मी म्हणाले.

"ठोके बरोबर हायेत ना?" आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डाक्टरनंच म्हनलं. मंग गोळी कायले? मशीन दुरुस्त झाल्यावर कोनी पाना लावून बसते काय?"

पत्रकात मी एका ओळीत उत्तर दिलं असतं: गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ओळ खरी आहे. पण शेतात, तिच्यासमोर, ती ओळ मला पुरेना. ठोके सुधारल्यावर गोळी का, हे मला तरी कुठं नीट माहीत होतं? आणि कोणी सांगितलंच नाही तर तिनं तिच्या डोक्यानं उत्तर काढलं, यात तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याची बस धरली. वाटेत मी सारखी तिच्या तोंडाकडं बघत होते. ओठाचा कोपरा सरळ आहे का. तिनं जांभई दिली तरी माझा जीव वर यायचा.

"माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यली?" ती म्हणाली. "खिडकीतून पाह्य."

डॉक्टरांना मी सरळ सांगितलं की ही विळा चालवते आणि त्यासाठी गोळी चुकवते. ते खुर्चीत मागं टेकले. "मला वाटलं, घरीच असता तुम्ही."

"घरी कोन बसू देते?" आई म्हणाली. "आता सांगा, बंद करू का?"

ते चिडले नाहीत, हे मान्य करते. म्हणाले, काही माणसांची गोळी अशा उपचारानंतर आम्ही बंद करतो. ठोके सुधारले एवढ्यावरून नाही. गाठ होण्याचा धोका कोणाला किती, ते बघून. "तुमचं वय झालं, बीपी आहे, साखर आहे, आणि एकदा तोंड वाकडं होऊन गेलं आहे. ठोके परत बिघडले तर तुम्हाला कळेलच असंही नाही. तुमची बंद होणार नाही. मधूनमधून चुकवायची तर मुळीच नाही."

"अन् रक्त?"

"बोटातून आलं तर दाबून धरा, हात वर करा. वेळ लागेल, पण थांबेल. खोल लागलं, थांबेना, तर लगेच दवाखाना. डोक्यात गाठ गेली तर तिथं कोण दाबून धरणार?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून बघत बसली. अकोला मागं पडल्यावर एकदाच म्हणाली, "त्याले पात मालूम नाई."

मला भांडायचं होतं, पण कोणाशी ते कळेना. डॉक्टर बरोबर बोलत होते. हीसुद्धा बरोबर बोलत होती.

संध्याकाळी ती काकूच्या ओट्यावर गेली, मी मागोमाग. तिनं सगळं सांगितलं. काकू म्हणाली, "चिंध्या बांध."

सोयाबीनची खोडं डाव्या हातात धरतात, म्हणून घाव डाव्या बोटांना बसतात. नव्या सुना बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळतात. पहिल्या पातीवाली कधीच नाही. उघड्या हातानं सोंगणं हा तिचा मान. आईनं उभ्या जन्मात चिंधी बांधली नव्हती.

"त्यापेक्षा घरी बसते," आई म्हणाली.

"बस. मी घेते पयली पात," काकू म्हणाली.

सकाळी आईनं माझ्यासमोर गोळी घेतली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, जेवल्यावर. मला चैन पडेना. टोळी निघाली, थोड्या वेळानं मीही शेतावर गेले. तिथं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून तिनं पिशवीतून चिंध्या काढल्या आणि एकेका बोटाला घट्ट गुंडाळल्या. गाठी दातांनी मारल्या.

"नवी नवरी आली वं," काकू ओरडली. सगळ्या हसल्या. आई हसली नाही. वाकली आणि पहिली पात धरली. चाल मंद होती. चिंध्यांमुळं मूठ नीट बसत नव्हती. दोनदा काकू तिच्या बरोबरीला आली आणि दोनदा विळ्याची धार बघायच्या निमित्तानं थांबली.

मी धुऱ्यानं तिच्याबरोबर चालत राहिले. शेवटी राहवलं नाही.

"घेतली का?"

"घेतली वं, येतानी. इचार काकूले." तिनं मान वर केली नाही. "आता सरक. पातीत उभी हायेस माह्या."

मी सरकले. गेले मात्र नाही.