सीताफळांची माफी

आपली चूक आपणहून कबूल करणारा गोरेगावात एकच माणूस आहे, आणि त्याचा बाकीच्या गावाला फार त्रास होतो. हा माणूस म्हणजे आमचे काळीपिवळीवाले चाचा. गोंदिया ते गोरेगाव रस्त्यावर ते इतकी वर्षं प्रवाशांची जीप चालवत आहेत, की जीपचा काळा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो हे आता त्यांनाच ठाऊक. इतर जीपांच्या मागच्या काचेवर नशिबाचे शेर असतात. चाचांनी लिहून घेतलंय, ‘चूक दिसल्यास चालकास सांगावे’. कुणी सांगितलीच, तर ते जीप बाजूला घेतात, खाली उतरतात आणि सगळं नीट ऐकून घेतात. तोवर बाजाराला निघालेल्या बाया आत बसून त्यांच्या नावाने बोटं मोडतात.

त्यांच्या जीपमध्ये बिडी चालते, कोंबडी चालते, टपावर खाट चालते. नशीब मात्र चालत नाही. एकदा टायर बसला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "नसीब खराब." चाचा गर्रकन वळले. "नसीब नहीं, टायर खराब. और टायर मैंने नहीं बदला!" मी स्वतः नशिबावर मनापासून विसंबलेला माणूस. माझं वह्या-छत्र्यांचं दुकान चाललं नाही तर नशीब, आणि चाललं तर तेही नशीबच. म्हणून एकदा मी त्यांना कोंडीत पकडायला गेलो. म्हटलं, "चाचा, वरच्याला सगळं आधीच माहीत असतं ना? मग आपला दोष कसला?"

"मालूम होना अलग, करवाना अलग," चाचा म्हणाले. "तुम्हारे दुकान में चोरी होगी, ये मेरेकू मालूम है, क्यूँकि तुम ताला लगाते नहीं. तो क्या चोर मैं हुआ?"

त्या दिवसापासून मी कुलूप लावतो. वाद हरलो असं मात्र मी अजून मान्य केलेलं नाही.

तर अशा या चाचांचं यंदा हजला जायचं ठरलं. हजला निघणारा माणूस आधी घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतो. समोरचा ‘माफ केलं’ म्हणतो, गळाभेट होते, सरबत होतं, संपलं. चाचांना हे असं घाऊक माफी मागणं पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, नमाज बुडाली तर तो आपला आणि अल्लाहचा मामला; पण माणसाचं मन दुखवलं तर माफी त्या माणसानेच द्यायची, अल्लाह त्यात मध्ये पडत नाही. आणि काय माफ करायचं हे त्या माणसाला कळायला नको? म्हणून चाचा प्रत्येकाला त्याची त्याची चूक तपशीलवार सांगत सुटले. न्हाव्याला कळलं, की त्याच्या आरशात आपण म्हातारे दिसतो म्हणून चाचांनी कधीकाळी त्याचं दुकान बंद पडावं असं मनात आणलं होतं. एका मास्तरांना कळलं, की त्यांचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं ते चाचांनी जीपमध्ये मुलीकडच्यांना त्यांच्या घोरण्याबद्दल सांगितलं म्हणून. मास्तरांनी चाचांचे दोन्ही हात धरून आभार मानले. आत बायको ऐकत होती, हे मास्तरांच्या बरोबर लक्षात होतं. माझ्याकडे आले तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "तुम्हारे दुकान की छत्री को मैंने सवारी के सामने रद्दी बोला था."

"चाचा, छत्री रद्दीच होती."

"थी. पर बोलने का क्या काम था?"

मी हसत हसत तिथल्या तिथे माफ करून टाकलं.

माझ्या मोठ्या आत्याकडे मात्र गाडी अडकली. आत्या तिठ्याजवळच्या गावात एकटी राहते. फार वर्षांपूर्वी एका बाजाराच्या दिवशी ती टोपलीभर पिकली सीताफळं घेऊन तिठ्यावर उभी होती. आदल्या दिवशी तिने चाचांच्या जीपला खटारा म्हटलं होतं. चाचांनी तिचा वर केलेला हात पाहिला, जीपमध्ये जागाही होती, तरी थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत सीताफळांचा लगदा झाला आणि तो शेळ्यांनी खाल्ला. आत्याला इतकी वर्षं वाटत होतं, की आपण कुणाला दिसलोच नाही.

चाचांच्या विनंतीवरून मीच त्यांना तिच्याकडे घेऊन गेलो. ऐकता ऐकता डाळ पाखडणारं तिचं सूप थांबलं. "मंग मी दिसली होती का गा तुले?"

"पूरी दिखी थी, बाई."

मी मध्ये पडलो. "जाऊ दे आत्या, तुझ्या नशिबात नव्हता त्या दिवशीचा बाजार."

चाचा माझ्यावरच भडकले. "नसीब बीच में मत लाओ! एक्सीलेटर पे पाँव मेरा था!"

"नाही करत माफ," आत्या म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

चाचांचा चेहरा पार उतरला. बाकी सगळ्यांची माफी मिळाली होती, ही एकच राहिली. मी म्हटलं, जरा जोर लावू. ते म्हणाले, "नहीं. देना न देना उसका इख़्तियार है." मग ते दर बाजाराला आत्याला घरातून घेऊन यायचे, पुढच्या सीटवर बसवायचे, टोपली स्वतः उतरवायचे. आत्या ऐटीत यायची, ऐटीत जायची आणि उतरताना सांगायची, "नाही केली बरं का अजून."

निघायचा दिवस आला. नागपूरच्या विमानतळापर्यंत दुसऱ्या कुणाच्या गाडीवर भरवसा नाही म्हणून हार घातलेले चाचा स्वतःच जीप चालवत होते. जीप परत आणायला मी आणि त्यांचा भाचा मागे बसलो होतो. तिठ्यावर आत्या उभी, हात वर केलेला. चाचांनी असा ब्रेक मारला की भाचा माझ्या मांडीवर आला.

आत्या खिडकीशी आली. "तिकडंच मेलो तं बरं, तिथली माती भेटंल, असं चहाच्या टपरीवर सांगून राहिला होतास ना?"

चाचा खरंच तसं म्हणत असत. चाची गेल्यापासून तर जरा जास्तच.

"मरन त्याच्या हातात आहे, माईत आहे मले. पन वापस यायचं मनात धरनं तुज्या हातात आहे. तुजी माफी मी इथं ठेवली आहे. घ्यायले ये."

चाचांनी डोळे पुसले, गियर टाकला, आणि नागपूरपर्यंत एकदाही कुणाची चूक काढली नाही, स्वतःचीही नाही.

आता आसपासचे हाजी परतायला लागलेत. चाचा अजून यायचे आहेत. भाचा जीप चालवतो, पण तिच्यात बिनधास्त नशिबाच्या गप्पा चालतात आणि मला तिच्यात बसावंसं वाटत नाही. आत्याच्या सीताफळीला फुलं धरली आहेत. काल मी तिला विचारलं, "येतील ना गं ते?" ती म्हणाली, "नाही येऊन कुठं जाते? माफी तं इथं आहे."

तिचं बरं आहे. मी मात्र छत्रीची माफी त्याच दिवशी हसत हसत देऊन बसलो. ही चूक माझी, नशिबाची नाही.