भिंतीकडची रांग

माझी आत्या थडग्यांच्या दगडांवर नावं कोरते. गल्ली तिला पाठीमागे 'हातोडी' म्हणते. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही.

आतोबा लढाईत पाण्याचा टँकर चालवायचे. वरून गोळे पडत असताना पुढच्या ठाण्यांवर पाणी पोचवायचे. घरी आले ते धुराने फुफ्फुसं खलास करूनच. मरताना म्हणाले, मला दफनभूमीत भिंतीकडच्या रांगेत, मी पाणी पाजलेल्या जवान पोरांशेजारी ठेवा. ठेवलं. त्या रांगेत तेव्हा एकाच्याही डोक्याशी दगड नव्हता. आत्याही आतोबांना लावेना. "एकट्यांना लावला तर उठून भांडतील माझ्याशी," म्हणायची.

मग इतक्या वर्षांनी गावातल्या बड्या लोकांना एकदम उमाळा आला. विस्मृत जवानांच्या सन्मानासाठी समिती झाली. अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. लढाई त्यांनी पाहिली ती सिनेमात. दगडांचं काम आत्याकडे आलं. तिने आतोबांचा विषय काढला.

"ताई, दगड फक्त सैनिकांना," अध्यक्ष म्हणाले. "टँकरवाले म्हणजे कंत्राटी माणसं. ते लढले कुठे?"

"आणि जे लढले ते काय थुंकी गिळून लढले?"

"नियम आहे. आणि खासगी दगड लावू नका हं. रांगेचा एकसारखेपणा जातो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फेकून दे त्यांचं काम तोंडावर, मी ओरडले. आत्याने मात्र छिन्नी खाली ठेवली नाही. "त्या पोरांनी माझं काय घोडं मारलंय?" म्हणाली आणि कोरत राहिली.

एरवी दगड बसवायलाही तीच जाते. आमच्याकडची रीत अशी, की दगड डोक्याशी उभा करायचा आणि अक्षरं देहाच्या उलट्या बाजूला ठेवायची. म्हणजे वाचणारा डोक्यापलीकडे उभा राहतो, माणसाच्या अंगावर नाही. समितीने मात्र बसवायचं काम आपल्या ठेकेदाराला दिलं. शामियाना भिंतीकडच्या सावलीत घालायचा होता, म्हणून त्याने सगळे दगड भिंतीकडे तोंड करून रोवले. पाहुण्यांना नावं समोर दिसली पाहिजेत ना! रीत कुणाला विचारायची बुद्धी झाली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा भाषण सुरू होतं. दगडांसमोर खुर्च्यांची पहिली ओळ होती, मान्यवरांची आणि जवानांच्या आयांची. आत्याने दगडांची तोंडं कुठे आहेत ते पाहिलं. मग तरातरा अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"उठा."

"ताई, कार्यक्रम झाल्यावर बोलू."

"माझ्या नवऱ्याच्या छातीवर बसलाय तुम्ही. उठा!"

भाषण थांबलं. अध्यक्षांनी बुटांखाली पाहिलं. "इथे तर दगड नाही."

"लावू दिलात कुठे?"

ते उठले, आणि या शहाण्याने काय करावं? खुर्ची उचलून हातभर बाजूला ठेवली.

"तिथेही माणूस आहे," आत्या म्हणाली. "नाव समोर आहे, वाचा. या रांगेत सगळ्यांचे पाय भिंतीकडे आहेत. ही अख्खी ओळ माणसांवर बसलीय."

खुर्च्या करकरल्या. मान्यवर चटके बसल्यासारखे उठले. एक म्हातारी तेवढी उठली नाही. समितीनेच तिला मानाने मुलाच्या नावासमोर आणून बसवलं होतं. तिने दगडाकडे पाहिलं, मग पायांखालच्या मातीकडे पाहिलं, आणि खुर्चीवरून घसरत खाली आली. दोन्ही हातांनी माती चाचपत "लागलं का रे? लागलं का?" म्हणू लागली. आम्ही दोघींनी तिला उठवायचा प्रयत्न केला, पण ती हलेना. फोटोवाला फोटो काढत होता. त्याच्या कानाखाली मी वाजवली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "चूक झाली. उद्या ठेकेदाराला पाठवतो."

"त्याने पुन्हा इथे पाऊल ठेवलं तर बघा," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्हीच सगळे दगड उपटले आणि फिरवून लावले. शेवटी आत्याने हातगाडीवरून आणखी एक उतरवला. आतोबांचं नाव तिने कधीच कोरून ठेवलं होतं.

"परवानगी घेतलीस?" मी विचारलं.

"कुणाची?" म्हणाली, आणि पहार माझ्या हातात दिली.